फिशटँकमधलं हट्टी शेवाळ: टँक रिकामा न करता घालवायचं कसं

टँकमध्ये शेवाळ दिसलं की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो. रविवारची सकाळ मोकळी ठेवायची, मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी मिठाने चोळून धुवायची, काच घासायची आणि नवं पाणी भरायचं. संध्याकाळी टँक दुकानातल्यासारखा चकचकीत दिसतो आणि महिन्याभरात शेवाळ पुन्हा हजर होतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा जोमाने. शहरांत हेच काम पैसे घेऊन करणारी माणसंही असतात. त्यांना दर महिन्याला यावं लागतं, यातच त्या उपायाची किंमत कळते.

असं का होतं? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. खडी मिठाने चोळली आणि स्पंज नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली धरला की तिचा मोठा भाग मरतो. उपटून पुन्हा रोवलेल्या वनस्पतीही काही दिवस वाढत नाहीत. अमोनिया साठलेला, वनस्पती थंडावलेल्या आणि लाइट मात्र नेहमीसारखी चालू: शेवाळाला याहून चांगलं काय हवं? म्हणून पहिला नियम असा की टँक कितीही वाईट दिसत असला तरी तो पूर्ण रिकामा करायचा नाही.

पुढची सगळी मापं आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन फुटी टँकची आहेत, म्हणजे २४ × १२ × १२ इंच. काठोकाठ भरला तर त्यात ५६ लिटर पाणी मावतं. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून ४५ लिटर धरा. टँक वेगळ्या मापाचा असेल तर त्या प्रमाणात हिशोब करा.

पायरी १: कोणतं शेवाळ आहे ते ओळखा

बोटाने पुसल्यावर काय होतं, ही पहिली परीक्षा.

तपकिरी थर असेल आणि बोट फिरवताच निघत असेल, तर ते डायटम. टँक नवा असताना येतं, काही आठवड्यांत आपोआप जातं. पुसा आणि सोडून द्या.

काचेवर हिरवे, गोल, घट्ट ठिपके असतील आणि नखानेही निघत नसतील, तर ते ठिपक्यांचं शेवाळ. लाइट जास्त आणि पाण्यात फॉस्फेट कमी असलं की ते धरतं. अनुबियास या टँकमधल्या वनस्पतीच्या जुन्या, जाड पानांवरही दिसतं. काचेवरून काढायला दाढीचं पातं तिरपं धरून चालवा. टँक अॅक्रिलिकचा असेल तर पातं लावू नका, चरे पडतात. जुनं एटीएम कार्ड वापरा.

काचेवर हिरवी पूड बसते आणि पुसली की दोन-तीन दिवसांत परत येते, ते वेगळं प्रकरण आहे. इथे हात आवरावा लागतो. रोज पुसलं तर त्याच्या पेशी पाण्यात पसरून पुन्हा काचेवर बसतात. साधारण तीन आठवडे समोरची काच अजिबात पुसू नका. थर जाड होऊन सुटायला लागला की एकदाच खरवडा आणि लगेच निम्मं पाणी बदला. घरच्यांची बोलणी खावी लागतील, त्याला इलाज नाही.

पाणीच हिरवं झालं असेल तर शेवाळ पाण्यात तरंगतंय. माशांना त्याचा त्रास नाही. माशांना खायला डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव वाढवणारे असं पाणी मुद्दाम तयार करतात. पण पाणी बदलून ते जात नाही, कारण उरलेल्या पेशी काही दिवसांत पुन्हा तेवढ्याच होतात. त्यावर अंधार (पायरी ५) किंवा यूव्ही दिवा असलेला फिल्टर हेच खात्रीचे उपाय.

हिरवे लांब धागे किंवा कापसासारखे पुंजके असतील तर ते धाग्यांचं शेवाळ. जुन्या टूथब्रशला गोल गोल गुंडाळा आणि ओढून काढा.

उरले दोन, आणि लोक हट्टी म्हणतात ते बहुधा यांनाच. पानांच्या कडांवर, लाकडावर, फिल्टरच्या तोंडावर काळे-करडे, दाट केसांचे झुबके असतील आणि ओढून निघत नसतील, तर ती काळी दाढी. दिसते काळी, पण ती लाल शेवाळांच्या गटातली आहे. खात्री करायची तर शेवाळ लागलेलं एक पान तोडून सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवा. थोड्या वेळाने झुबका लालसर दिसू लागतो, कारण हिरवं रंगद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि लाल मागे राहतं.

खडीवर आणि पानांवर निळसर-हिरवी बुळबुळीत चादर पसरली असेल, सोलल्यासारखी पापुद्र्याने निघत असेल आणि तिला कुबट वास येत असेल, तर ते खरं म्हणजे शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. त्यांचा उपाय वेगळा आहे.

पायरी २: लाइट ६ तासांवर आणा

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. घराघरांत टँकची लाइट सकाळी पूजेच्या वेळी लागते ती रात्री झोपताना बंद होते, म्हणजे १४-१५ तास. एवढा प्रकाश वापरण्याइतक्या वनस्पती साध्या टँकमध्ये नसतात. उरलेला प्रकाश शेवाळ वापरतं.

टायमर घ्या आणि रोज त्याच वेळी ६ तास लाइट ठेवा. संध्याकाळी ५ ते रात्री ११ ही वेळ नोकरी करणाऱ्यांना सोयीची, कारण घरी असताना टँक उजळलेला दिसतो. दिवसा खोलीतल्या उजेडात माशांचं काही बिघडत नाही. टायमर घेताना एक बघा: चक्री फिरणारा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथून पुढे चालतो. जिथे रोज दोन तास वीज जाते, तिथे आठवड्याभरात त्याची वेळ पार फिरलेली असते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर बरा.

मग खिडकी. टँकवर थेट ऊन येत असेल, विशेषतः पश्चिमेचं, तर बाकी सगळे उपाय निम्मेच लागू पडतात. टँक हलवता येत नसेल तर उन्हाच्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर लावा. एलईडी फार प्रखर असेल तर ती वर उचला किंवा पाण्यावर थोडं डकवीड, म्हणजे तरंगणारी इवली वनस्पती, सोडा. ते सावलीही धरतं आणि पाण्यातलं नायट्रोजनही खातं. मात्र दर आठवड्याला मूठभर काढून टाकावं लागतं.

पायरी ३: हाताने काढा, पाणी बदला

औषधाच्या आधी हात. जितकं शेवाळ हाताने बाहेर जाईल, तितकं नंतर टँकमध्ये मरून कुजणार नाही. काच खरवडा (हिरवी पूड असेल तर वर सांगितल्याप्रमाणे थांबा), धागे ओढा, खराब झालेली पानं बुडापासून कापा. जुन्या पानावरचं शेवाळ साफ करत बसण्यात अर्थ नाही, वनस्पती नवं पान काढते. हे झाल्यावर लगेच सायफन लावून तळाचा गाळ आणि तरंगणारे तुकडे ओढून घ्या.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, तिसरा हिस्सा पाणी बदला. दोन फुटी टँकला म्हणजे १५ लिटर, एक बादली. नळाचं पाणी असेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, घाला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात दुपारी चांगलंच तापलेलं असतं, म्हणून हे काम सकाळी करा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर एकदा नायट्रेटची चाचणी करून घ्या. शेतीच्या भागातल्या बोअरला ते मुळातच जास्त असू शकतं, आणि मग कितीही पाणी बदललं तरी टँकमधलं नायट्रेट उतरत नाही.

फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यातच पिळा. नळाखाली नाही.

पायरी ४: खाणं कमी, वनस्पती जास्त

मासे एक-दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं, दिवसातून एकदा, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. घरात लहान मुलं आणि आजोबा दोघेही असतील तर खाणं कोण देणार हे आधी ठरवा. दिवसातून चार वेळा चिमटीभर पडणारं खाणं बऱ्याच टँकमधल्या शेवाळाचं मूळ असतं. गोल्डफिश असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ते खूप घाण करतात.

वनस्पती भराभर वाढणाऱ्या घ्या. हायड्रिला, वॅलिस्नेरिया, वॉटर विस्टेरिया या स्वस्त आणि काटक आहेत. टँकच्या तळाचा निम्मा भाग तरी झाकला जाऊ द्या. वनस्पती नको असतील तर मनीप्लांटचा वेल टँकच्या काठावर ठेवून फक्त मुळं पाण्यात सोडा, पानं वर. नायट्रेट ओढायला याच्याइतकं फुकटचं साधन दुसरं नाही.

आता खताबद्दल, कारण इथे गोंधळ फार आहे. खतामुळे शेवाळ होतं, अशी समजूत आहे आणि ती अर्धवट खरी आहे. १९९६ मध्ये पॉल सियर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोन शौकिनांनी फॉस्फेट अगदी तुटपुंजं ठेवून शेवाळ रोखता येतं असं मांडलं होतं. पुढे टॉम बार यांच्यासारख्या शौकिनांनी वनस्पतींनी भरलेल्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट घालून दाखवलं की वनस्पती जोमात असतील तर त्याने शेवाळ येत नाही. उपाशी वनस्पती शेवाळाशी लढू शकत नाही. म्हणून मासे भरपूर आणि वनस्पती दोन-चार असतील तर खत घालूच नका, माशांचं पुरेसं होतं. पण टँक हिरवागार असेल, मासे थोडे असतील आणि चाचणीत नायट्रेट शून्य येत असेल, तर ते थोडं वाढवावं लागतं.

त्यासाठी महागड्या परदेशी बाटल्यांची गरज नाही. द्राक्षबागायतदार वापरतात ते १३-००-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतात आणि पाण्यात पूर्ण विरघळतात. १३-००-४५ अर्धा ग्रॅम ४५ लिटरमध्ये घातलं तर नायट्रेट सुमारे ७ पीपीएमने (लिटरमागे ७ मिलिग्रॅम) वाढतं. १० ते २० पीपीएम पुरे. ००-५२-३४ तर आठवड्याला एक दशांश ग्रॅम एवढंच, त्याने फॉस्फेट दीड पीपीएमने वाढतं आणि नवे हिरवे ठिपके बसायचे कमी होतात. दागिने तोलायचा छोटा काटा लागेल. चमच्याच्या अंदाजाने हे करू नका. आणि दुकानदाराने १९-१९-१९ किंवा १२-६१-०० पुढे केलं तर घेऊ नका. पहिल्यात युरिया आणि अमोनियम असतं, दुसरं तर अमोनियम फॉस्फेटच. शेताला ती उत्तम, माशांना घातक.

एवढ्यावर दोन ते तीन आठवडे थांबा. रोज नवा उपाय करून पाहिला तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. डायटम आणि धागे इथपर्यंत बहुधा आटोक्यात येतात. पाणी हिरवंच राहिलं असेल तर पुढची पायरी आहे. बुळबुळीत चादर ओळखली असेल तर मात्र वाट न पाहता थेट पुढे जा.

पायरी ५: तीन दिवस अंधार

आधी शक्य तेवढं शेवाळ काढा. निळसर चादर असेल तर ती सायफनने ओढून घ्या, हाताने चोळू नका. निम्मं पाणी बदला. लाइटचा प्लग काढा, टँकभोवती जाड चादर किंवा ब्लँकेट गुंडाळा, कुठूनही फट राहू देऊ नका. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. खाणं द्यायचं नाही. धडधाकट मोठ्या माशांना तीन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. डोकावून बघायचं नाही, हा सर्वांत अवघड भाग. चौथ्या दिवशी पुन्हा निम्मं पाणी बदला, मेलेलं शेवाळ ओढून घ्या आणि लाइट ६ तासांवरच ठेवा.

एअर पंप का, तर मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं आणि अंधारात वनस्पती तो देत नाहीत. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात हा उपाय शक्यतो टाळा, आणि केलाच तर मासे वर येऊन तोंड उघडत नाहीत ना, हे सकाळ-संध्याकाळ चादरीचं टोक उचलून पाहा. तेवढं डोकावणं माफ.

सायनोबॅक्टेरिया परत येत असतील तर दोन गोष्टी तपासा. पाणी कुठे साचून राहतंय का, आणि नायट्रेट शून्य आहे का. त्यांच्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन थेट वापरतात, त्यामुळे नायट्रेट संपलेल्या टँकमध्ये वनस्पती अडतात आणि यांचं चालू राहतं. फिल्टरच्या तोंडाची दिशा बदला, नायट्रेट वाढवा. काही जण एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुचवतात. घरच्या टँकमध्ये अँटिबायोटिक ओतून ते पाणी गटारात सोडायचं, हे मला पटत नाही, आणि मूळ कारण तसंच राहिलं तर चादरही परत येते.

पायरी ६: काळ्या दाढीला हायड्रोजन पेरॉक्साइड

काळी दाढी का येते यावर शौकिनांत एकमत नाही. वनस्पतींसाठी बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडतात अशा टँकमध्ये त्याचं प्रमाण रोज कमी-जास्त होणं, तुंबलेला फिल्टर, तळाचा कुजका गाळ आणि जुनी पानं ही नेहमी सापडणारी कारणं. ती दूर केल्याशिवाय औषध लावू नका.

मग क्रम असा. निघण्यासारखे दगड-लाकूड बाहेर काढा. पार काळी झालेली पानं कापा. हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमध्ये मिळतं, पण लेबल वाचा: आपल्याकडे ते सहसा ६ टक्क्यांचं असतं. तेवढंच आरओचं पाणी मिसळून ३ टक्क्यांचं करा. हातमोजे घाला, डोळे सांभाळा. बाहेर काढलेल्या दगड-लाकडावर ब्रशने लावा, पाच मिनिटं ठेवा, धुवून परत ठेवा.

टँकमधल्या झुबक्यांसाठी सुई काढलेली सिरिंज घ्या. फिल्टर बंद करा, म्हणजे द्रावण जागेवर राहतं आणि फिल्टरमधल्या जीवाणूंवर जात नाही. ३ टक्क्यांचं द्रावण झुबक्याच्या अगदी जवळून सावकाश सोडा. ४ लिटरमागे १ मिलि ही दिवसाची मर्यादा, म्हणजे आपल्या टँकला १० ते ११ मिलि. बुडबुडे येतील. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा. तीन-चार दिवसांत झुबके गुलाबी-लालसर होतात आणि मग पांढरे पडतात. तसे झाले की ते मेले. शेवटी तिसरा हिस्सा पाणी बदला.

वॅलिस्नेरिया आणि मॉस या वनस्पतींना पेरॉक्साइड सोसत नाही. टँकमध्ये श्रिम्प (छोट्या कोळंब्या) असतील तर निम्म्या मात्रेने सुरुवात करा. दुकानातली शेवाळनाशकाची बाटली घेणार असाल तर तिच्यात तांबं आहे का बघा. श्रिम्प आणि गोगलगायींना ते मारतं.

शेवाळ खाणारे मासे: कोण कामाचं, कोण नाही

दुकानात पहिलं नाव ऐकाल ते सकर फिशचं. घेऊ नका. आज दोन इंची दिसतो, पण वाढतो एक-दीड फुटापर्यंत, मोठेपणी शेवाळापेक्षा तयार खाणं पसंत करतो आणि स्वतःच प्रचंड घाण करतो. मग लोक तो नदी-तलावात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागासह देशातल्या कितीतरी जलाशयांत या दक्षिण अमेरिकी माशाने स्थानिक माशांची जागा बळकावली आहे. घरात आधीच असेल तर मोठ्या टँकवाल्याला किंवा दुकानाला परत द्या, पाण्यात सोडू नका.

नेराइट गोगलगायी काचेसाठी उत्तम. काचेवर पांढऱ्या कणांसारखी अंडी घालतात, ती गोड्या पाण्यात वाढत नाहीत. टँकला झाकण हवं, नाहीतर त्या बाहेर फिरायला जातात. अमानो श्रिम्प धाग्यांचं शेवाळ मनापासून खातात. टँकमध्ये पाण्याखालची बाग सजवणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो यांनी ते लोकप्रिय केले, म्हणून हे नाव. काळी दाढी खाणारा म्हणून सयामीज अल्गी ईटर प्रसिद्ध आहे, पण त्या नावाने दुसराच मासा मिळण्याची शक्यता मोठी. खऱ्याची काळी पट्टी शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जाते आणि पंख बिनरंगी, पारदर्शक असतात. तो चार-पाच इंच होतो, म्हणून दोन फुटी टँकला जरा मोठाच. चायनीज अल्गी ईटर तर मोठेपणी इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांना छळतो.

सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारा मळ्या हा मासा आपलाच. पण त्याला वेगाने वाहणारं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. ट्रेकवरून पिशवीत घालून आणण्याचा मोह आवरा.

शेवाळ गेल्यावर

एक महिना टँक स्वच्छ राहिला की लाइट आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत ८ तासांपर्यंत नेऊ शकता. काचेवर पुन्हा हिरवं दिसू लागलं की अर्धा तास मागे या. तुमच्या टँकची मर्यादा तिथे आहे. नवी वनस्पती आणली की नीट धुवून काळे झुबके तपासा. दाढी बहुधा दुकानातल्या अनुबियासच्या पानावर बसूनच घरात येते. दगडांवर थोडं हिरवं राहिलं तर राहू द्या. श्रिम्पना चरायला लागतं, आणि मला तरी ते दिसायलाही बरं वाटतं.

दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी तिसरा हिस्सा पाणी बदला, स्पंज पिळा आणि टायमर ५ तासांवर आणा. चार-पाच दिवसांसाठी मोठ्या माशांना खाणं द्यायची गरज नाही. जास्त दिवस जाणार असाल तर चिमूटभर खाण्याच्या कागदी पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्या, दोन दिवसांआड एक. खाण्याचा डबा मात्र कपाटात बंद करून जा.